पुन्हा डाव मांडू द्या

गणित सुटलं की चांदणी, आठवडाभर खाडा नाही झाला की बिल्ला, शनिवारी वर्गाची क्रमवारी. मुलांची अभ्यासाची अ‍ॅप असोत की कंपनीतलं प्रशिक्षण, शिकणाऱ्याला खिळवून ठेवायला खेळातल्या युक्त्या आता सर्रास वापरल्या जातात. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो अ‍ॅपवर एक दिवस धडा चुकला की सलग दिवसांची साखळी तुटू शकते. सवय लावायला हे ठीक. पण गोडीचं काय?

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, स्केचपेननं चित्रं काढण्यात रमणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे काही दिवसांनी तेच पेन वर्गात पुन्हा ठेवले, बक्षिसाचं नाव न काढता. ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. आवडीच्या कामावर आधीच भाव लावला, की काम मागे पडतं आणि भाव उरतो.

मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी २०१५ मध्ये महाविद्यालयीन वर्गांबद्दल असंच नोंदवलं. बिल्ले आणि क्रमवारी लावलेल्या वर्गाची शिकण्याची ओढ सत्रभरात साध्या वर्गापेक्षा घटली.

मग खेळाकडून घ्यायचं काय? खेळात हरलेल्याला पुढचा डाव मिळतो. चूक झाली की ती तिथल्या तिथे कळते. परीक्षेसारखी निकालाची वाट पाहावी लागत नाही. आपल्या गल्लीतल्या लपंडावात तर धाकट्यांना कच्चं लिंबू म्हणून सामावून घेतात. त्यांच्यावर राज्य येत नाही, पण खेळता खेळता ती तयार होतात. क्रमवारीच्या तक्त्यात शेवटच्या नावाला अशी सवलत नसते.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात ली शेल्डन यांनी गेम डिझाइन शिकवताना चुकलं तरी पुढे जाता येण्याचं हे तत्त्व गुणपद्धतीत उतरवलं. सगळे शून्यापासून सुरुवात करायचे आणि प्रत्येक कामातून अनुभवगुण मिळवत वरची पातळी गाठायचे. गुण कापले जाण्याच्या धास्तीऐवजी ते साठत जाण्याचा हुरूप यायचा.

यासाठी महागडं अ‍ॅप लागत नाही. शुद्धलेखन चुकलं, तर चुकलेले शब्द दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहू द्यावेत आणि सुधारलेलेच गुण वहीत मांडावेत. मुलाची तुलना त्याच्याच कालच्या पानाशी करावी. क्रमवारी लावायचीच असेल, तर ती गटांची लावावी आणि गट दर आठवड्याला बदलावेत. चांदणी जरूर द्यावी, पण आमिष म्हणून आधी दाखवू नये; काम झाल्यावर, त्यात नेमकं काय जमलं हे सांगून द्यावी. हरण्याची भीती गेली की मूल अवघड गणिताला आपणहून हात घालतं.