तांबट आळी : कसब्यातल्या या गल्लीत तांबे आजही ठोकून का घडवतात?

पुण्याच्या सर्वात जुन्या लेखी नोंदी कागदावर नाहीत, तांब्यावर आहेत. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातील इ.स. ७५८ आणि ७६८ सालच्या ताम्रपटांत ‘पुण्य’ आणि ‘पूनक’ या नावांनी या प्रदेशाचा उल्लेख येतो. ज्या शहराची पहिली ओळखच तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली सापडते, त्याच्या सर्वात जुन्या वस्तीत तांबटांची स्वतंत्र आळी आहे. हा अर्थातच योगायोग. आळी ताम्रपटांच्या कितीतरी नंतरची.

कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य गाव. शनिवार, बुधवार, सदाशिव या पेठा नंतर वसल्या. मूळ पुणे ते हेच. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने हे गाव उद्ध्वस्त केले आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरवला, असे सांगितले जाते. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी महाराज इथे राहायला आले, लाल महाल उभा राहिला, कसबा गणपतीचे मंदिर झाले आणि माणसे परतू लागली.

कसब्यातल्या गल्ल्यांची नावे वाचली तरी त्या काळची अर्थव्यवस्था दिसते. कुंभारवाडा, शिंपी आळी, कागदीपुरा. ज्याचा जो धंदा, त्याची ती गल्ली.

तांबट आले कुठून?

पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये शनिवारवाड्याचे काम सुरू केले आणि पुणे सत्तेचे केंद्र झाले. सरदार, कारकून, सैन्य, भिक्षुक, सगळे इथे आले. एवढ्या माणसांना हंडे, घागरी, पंगतीची पातेली, देवपूजेची उपकरणी लागणारच. कोकणातले त्वष्टा कासार, म्हणजेच तांबट, पेशवाईत पुण्याला आले ते या मागणीमागे. त्वष्टा हा वेदांतला देवांचा कारागीर, इंद्राचे वज्र घडवणारा. तांबटांनी त्याचेच नाव घेतले.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, पण आळी उठली नाही. राजवाडा बदलला तरी घराघरात पाणी तांब्याच्या हंड्यातच भरले जात होते. सकाळी आंघोळीचे पाणी बंबात तापत होते. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी, खाली तोटी, अशी साधी रचना. पण ती चालायची तांब्यामुळे. तांबे स्टेनलेस स्टीलच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. थोडक्या कोळशात घरभराची आंघोळ व्हायची, त्याचे गणित हे.

ठोक्यांचे इंजिनीअरिंग

तांब्याच्या भांड्यावर जे गोल गोल चकाकणारे ठसे दिसतात, त्याला मठार म्हणतात. अनेकांना ती नक्षी वाटते. मुळात ती मजबुतीची पद्धत आहे.

तांबे मऊ असते. त्यावर हातोडा पडत गेला की आतल्या स्फटिकांची रचना गुंतत जाते आणि धातू कडक होतो. पातळ पत्र्याचा हंडा पाण्याने भरून कमरेवर घेतला तरी चेपत नाही, तो त्यामुळे. मात्र ठोकत राहिले तर धातू ठिसूळ होऊन तडकतो. म्हणून घडवताना मध्येच भांडे भट्टीत लाल करायचे, पुन्हा मऊ करायचे, पुन्हा ठोकायचे. मजा अशी, की तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की कडक होते. तांबे बुडवले तरी मऊच राहते. मेटलर्जीच्या पुस्तकात हा एक धडा असतो. आळीत तो हाताला कळतो.

ठसे एकमेकांना चिकटून, एका ओळीत, सारख्या जोराने पडले पाहिजेत. एका भांड्यावर असे शेकडो ठोके. हातोडी बदलली की ठशाचा आकारही बदलतो.

मग अडचण कुठे आली?

आधी ॲल्युमिनियम आले, साठ-सत्तरच्या दशकांपासून स्टील. स्टीलला चिंच लागत नाही, कल्हई लागत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवायचा तर आतून कथलाचा थर हवा. कल्हईवाला दिसेनासा झाला तशी ही भांडीही स्वयंपाकघरातून माळ्यावर गेली. बंबाची जागा गिझरने घेतली.

आता तांब्याच्या बाटल्यांची लाट आहे, पण त्यातल्या बहुतेक यंत्रावरच्या. मठारसुद्धा यंत्राने उठवता येते. ओळखायची खूण सोपी आहे: ठसे अगदी एकसारखे, शिक्का मारल्यासारखे असतील तर ते यंत्राचे. हाताच्या कामात किंचित फरक दिसतोच. गेल्या काही वर्षांत डिझायनर आणि वारसा क्षेत्रातल्या मंडळींनी इथल्या कारागिरांना सोबत घेऊन दिवे, ताटे, शोभेच्या वस्तू घडवायला सुरुवात केली, हा खरा दिलासा. पण कच्चा माल महाग होतो आहे. मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांबे टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेले होते. मोठ्या कारखान्याने आधीच साठा करून ठेवलेला असू शकतो. घरच्या घरी काम करणाऱ्याला तेवढे भांडवल परवडत नाही.

माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न जागेचा आहे. हे काम तळमजल्यावरच होते. भट्टीची धग, धातू साफ करण्याचे तेजाब, दिवसभराची ठोकाठोकी. वाड्यात राहणे आणि कारखाना एकाच ठिकाणी चालायचे आणि शेजारीही त्याच धंद्यातला, म्हणून आवाजाची तक्रार नसायची. पेठांमध्ये वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत आणि मोडकळीला आलेल्या वाड्यात राहणाऱ्याला पक्के घर हवे, यात गैर काही नाही. पण नव्या इमारतीत तळमजला पार्किंगला किंवा दुकानांना जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये भट्टी लावता येत नाही. शहराबाहेर शेड घेतली तर कला टिकेल कदाचित. कसब्यात मात्र फक्त पाटी राहील. कागदीपुऱ्यात आज कागद बनत नाही.

आळी पाहायची असेल तर सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेले कसबा पेठ मेट्रो स्टेशन सोयीचे. फडके हौदाच्या बाजूने बाहेर पडून कसब्यात चालत शिरा. काम चालू असेल तर पत्ता विचारावा लागत नाही, आवाज येतो.