सीडीला नाव कोण देते?

आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट मी २००४ साली संगणकावर उतरवली आणि तिची ऑडिओ सीडी केली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू, नेमकी ४५ मिनिटांवर कापलेली, एकच सलग ट्रॅक. सीडी पुन्हा संगणकात घातली, तर पडद्यावर उमटले एका अनोळखी परदेशी वाद्यवृंदाचे नाव. घरात हशा पिकला. आत्या मात्र हसली नाही. "सातबाऱ्यावर भलत्याचंच नाव चढावं, तसं झालं की रे!" म्हणाली. हे कसे घडले, याचा शोध मी तेव्हापासून घेत होतो.

पहिला धक्का हा, की ऑडिओ सीडीवर मुळात नावे नसतातच. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली 'रेड बुक' हे मानक ठरवले. त्यात आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी नोंदला जातो. तबकडीच्या आरंभी अनुक्रमणिका असते, पण तीत फक्त ट्रॅकची संख्या (जास्तीत जास्त ९९), प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो आणि शेवटचा कुठे संपतो एवढेच असते. या जागा मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग अशा मोजलेल्या असतात. प्रकरणांची नावे गाळून नुसते पानांचे आकडे छापावेत, तसे हे. पुढे १९९६ साली नावांसाठी 'सीडी-टेक्स्ट'ची सोय झाली, पण ती ऐच्छिक होती. माझ्या घरगुती सीडीवर ती नव्हती.

मग संगणक नावे ठेवतो कुठे? विंडोज ९५ मधल्या सीडी प्लेअरचे उत्तर साधे होते. नावे तुम्ही टंकायची. तो ट्रॅकच्या जागांवरून एक संख्या काढी आणि विंडोजच्या फोल्डरमधील 'सीडीप्लेअर डॉट आयएनआय' या फाइलमध्ये त्या संख्येखाली कलाकार, शीर्षक आणि गाण्यांची नावे लिहून ठेवी. तीच सीडी पुन्हा घातली, की तीच संख्या निघे आणि नावे सापडत. शेजाऱ्याच्या संगणकावर मात्र ती सीडी निनावीच, कारण नावे तबकडीवर नव्हे, आपल्या हार्ड डिस्कवर असत.

प्रत्येकाने तेच पुन्हा का टंकावे? या विचारातून १९९० च्या दशकात टी कान यांच्या 'एक्सएमसीडी' या प्लेअरसोबत 'सीडीडीबी' ही सामायिक सूची वाढली. एकाने नावे टंकून पाठवली, की इंटरनेटवरून ती सर्वांना मिळत. तिची ओळखसंख्या तीन भागांची असते. प्रत्येक ट्रॅक कितव्या सेकंदाला सुरू होतो, त्या संख्यांच्या अंकांची बेरीज करून तिला २५५ ने भागल्यावर उरणारी बाकी हा पहिला भाग. एकूण सेकंद हा दुसरा. ट्रॅकची संख्या हा तिसरा.

आता आत्याची सीडी पाहा. एकुलता एक ट्रॅक नेहमीप्रमाणे दुसऱ्या सेकंदाला सुरू होणारा. म्हणजे पहिला भाग २, दुसरा २७००, तिसरा १. जगातल्या ४५ मिनिटांच्या प्रत्येक एकट्रॅकी सीडीची ओळख हीच! त्या लांबीची सीडी कुणीतरी आधी नोंदवली होती. तेच नाव आत्याला चिकटले. संगणकाने ओव्या ऐकल्याच नव्हत्या, त्याने फक्त लांबी मोजली होती. 'म्युझिकब्रेन्झ' ही नंतरची सूची जागा सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत विचारात घेते, म्हणून अशी गल्लत तिथे विरळ होते.

या सूच्याही कायमच्या नसतात. लोकांनी फुकट टंकलेली सीडीडीबी १९९८ साली विकली गेली, पुढे तिची 'ग्रेसनोट' झाली. तिला पर्याय म्हणून उभी राहिलेली 'फ्रीडीबी' २०२० साली बंद झाली.

म्हणून गेल्या वर्षी मी सीडीवरचा आवाज 'फ्लॅक' फाइलींत उतरवला. या फाइलीच्या पोटातच नाव लिहिता येते, तेही देवनागरीत. प्रत्येक ओवी वेगळी काढली आणि आत्याला शेजारी बसवून विचारत गेलो. ही आईची, ही सासूकडून शिकलेली, ही मैत्रीण वारली तेव्हाची. मी लिहीत गेलो. ही माहिती कोणत्याही सूचीत नव्हती. ती सांगू शकणारी आत्या तेवढी एकटीच उरली होती.