मोजणीपासून पुनरावृत्तीपर्यंत : डेटाबेस-चाचणीच्या साधनांचा मागोवा

महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी सुरू झाल्यावर डेटाबेसचा, म्हणजे संगणकातील सुसूत्र नोंदसाठ्याचा, वेग हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिला नाही. अहिल्यानगरसारख्या चौदा तालुक्यांच्या विस्तीर्ण जिल्ह्यात कोपरगावपासून जामखेडपर्यंतचे शेतकरी खरिपाच्या ठरावीक मुदतीतच पिकांची नोंद करतात, आणि असा हंगामी भार आधी अजमावावा कसा, या प्रश्नामागे चार दशकांचा इतिहास आहे.

१९८५ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी बँकेच्या व्यवहारावर बेतलेली ‘डेबिट-क्रेडिट’ चाचणी मांडली आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या टीपीसी या संस्थेने अशा चाचण्यांना नियमांची चौकट दिली. मात्र त्यांतून यंत्रांची तुलना होई, प्रत्यक्ष कचेरीतला भार कळत नसे.

तो कळावा म्हणून डेटाबेस बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीने आधी ‘स्टॅट्सपॅक’ हे साधन आणि आपल्या डेटाबेसच्या २००३ च्या १०जी आवृत्तीत ‘एडब्ल्यूआर’ आणले, ज्यात सामान्यतः दर तासाला आकडे टिपले जातात आणि दोन टिपणांतील फरकावरून अहवाल तयार होतो. (पहिले साधन विनामूल्य, तर दुसऱ्याला वेगळा परवाना लागतो, म्हणून जुने साधन अजूनही टिकून आहे.) तासाची सरासरी फसवी असते; एकाच गटाच्या नोंदीवर दोन फेरफार अडकून पाच मिनिटे सारे खोळंबले, तरी अहवालात ते विरून जाते, आणि ही उणीव भरून काढण्याचे काम त्याच आवृत्तीतील ‘अ‍ॅश’ने, म्हणजे कामात असलेल्या जोडण्यांची दर सेकंदाला नोंद घेणाऱ्या सोयीने, केले.

ही साधने भार फक्त मोजत; तोच भार पुन्हा चालवून पाहण्याचे खरे वळण २००७ मधील ११जी आवृत्तीच्या ‘डेटाबेस रिप्ले’मुळे आले. चालू यंत्रणेवर आलेल्या मागण्या त्यांच्या क्रमासह आणि मधल्या वेळेसह टिपून ठेवायच्या, टिपणी सुरू होतानाची डेटाबेसची स्थिती वेगळ्या यंत्रावर उभी करायची आणि तिच्यावर त्या मागण्या पुन्हा सोडायच्या, अशी ही रीत आहे. सुरक्षितता मात्र आपोआप येत नाही. चाचणीसाठी उभ्या केलेल्या प्रतीतील खातेदारांची नावे व मोबाइल क्रमांक झाकावे लागतात आणि बाहेरच्या जोडण्या तोडाव्या लागतात, नाहीतर चाचणीचे संदेश खऱ्या लोकांच्या फोनवर पोहोचतील. शिवाय उन्हाळ्यातल्या निवांत दिवशी टिपलेला भार कितीही अचूक पुन्हा चालवला, तरी खरीप मुदतीच्या अखेरच्या दिवसाविषयी तो फारसे काही सांगत नाही.