फळरोपवाटिका : स्पर्धा भावाची नव्हे, भरवशाची

कापडाचा रंग पहिल्या धुण्यातच कळतो. मोसंबीचे कलम अस्सल होते की नाही, हे मात्र चार-पाच वर्षांनी, फळ धरल्यावर कळते. म्हणून या धंद्यातली स्पर्धा वेगळी आहे.

गारखेड्यात रोपवाटिका काढू पाहणाऱ्या बांधवांनी आधी प्रतिस्पर्धी ओळखावेत. एक, सरकारी व कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिका. आपल्या शहरात हिमायतबागेत विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्रच आहे. दोन, मोठ्या प्रमाणावर कलमे बांधणारे खाजगी रोपवाटिकाधारक. तीन, पावसाळ्यात गाडीवर स्वस्त रोपे विकणारे. नावात पहिल्याशी, संख्येत दुसऱ्याशी आणि भावात तिसऱ्याशी लहान माणसाचा टिकाव लागणे कठीण.

त्याने खात्री विकावी. मातृवृक्ष कोणता, खुंट रंगपूर लिंबाचा की जंबेरीचा, डोळा कधी भरला, हे पावतीवर लिहून द्यावे. १९६९ च्या राज्य कायद्यानुसार परवाना घ्यावा.

आणि माल बेताचा ठेवावा. न खपलेले ठाण कपाटात राहते. न खपलेल्या रोपाची मुळे पिशवीतच गुंडाळत जातात. म्हणून आगाऊ नोंदणी घेऊनच कलमे बांधावीत.