वालधुनीचा गाळ काय सांगेल?

काकोळ्याच्या डोंगरात उगम पावलेली वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून निघते आणि उल्हासनगर, विठ्ठलवाडी ओलांडून कल्याणपाशी खाडीला मिळते. नोव्हेंबर २०१४मध्ये तिच्यात चोरून ओतलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावं लागलं. तेव्हा ओरड झाली, कारण विष नाकाला झोंबलं. पण जे झोंबत नाही, फेसाळत नाही, त्याचा पत्ता नदीच्या नेहमीच्या तपासणीतही लागत नाही.

पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजे पीसीबी, हे त्याचं ठळक उदाहरण. बेन्झिनची दोन जोडलेली वलयं आणि त्यांवर हायड्रोजनच्या जागी एक ते दहा क्लोरीन अणू. मांडणीनुसार याचे २०९ प्रकार होतात. वलयावरचा कार्बन-क्लोरीन बंध सहजी तुटत नाही. त्यामुळे हे तेलकट रसायन सहसा पेट घेत नाही, वीज वाहू देत नाही, आम्लालाही दाद देत नाही. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरसाठी ते म्हणूनच निवडलं गेलं. मात्र जे आम्लाला जुमानत नाही, ते जिवाणूंनाही सहजी पचत नाही. पाण्यात ते जेमतेम विरघळतं, चरबीत मात्र सहज. म्हणून ते गाळाला चिकटतं आणि गाळातल्या किड्यांकडून मासळीत, मासळीतून माणसात साठत जातं.

आता तपासणीचं पाहू. बीओडी मोजताना जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला हे पाहतात. जे जिवाणू खातच नाहीत, त्याची नोंद कुठून होणार? सीओडीचा, म्हणजे रासायनिक विघटनाला लागणाऱ्या प्राणवायूचा, हिशेब लिटरमागे मिलिग्रॅमचा, तर पीसीबी मायक्रोग्रॅममध्येही घातक. भरती-ओहोटीत सगळं वाहून जातं, असं कोणी म्हणेल. पाणी वाहतं, जड गाळ बराचसा तिथेच बसतो. प्राणवायूविना जगणारे काही जिवाणू क्लोरीन काढून टाकतात, हेही खरं. पण ते काम अतिशय संथ आणि बहुधा अर्धवट राहतं.

बंदी आहेच की, हा आक्षेप अधिक वजनदार. भारताने २००६मध्ये अशा चिवट प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराला मान्यता दिली, २०१६च्या आदेशाने पीसीबीचं उत्पादन आणि आयात थांबवली, वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठरवली. पण बंदीने नवा माल थांबतो, जुनं तेल नाहीसं होत नाही. भंगारात निघालेल्या ट्रान्सफॉर्मरचं तेल उघड्यावर जाळलं, तर त्यातून आणखी विषारी फ्युरान तयार होतात. नीट नष्ट करायला अकराशे अंशांच्या वरची भट्टी लागते. म्हणून वालधुनी सुधारली की नाही, हे निव्वळ पाण्याच्या नमुन्यावर ठरवणं अपुरं आहे. तिच्या गाळाचे नमुने गॅस क्रोमॅटोग्राफवर नियमित तपासून निकाल जाहीर झाले पाहिजेत.