बंबाला क्षार धरतो, तसा इंजिनालाही

1864 मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजरातकडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आला आणि डहाणूवरून आगगाड्या धावू लागल्या. जवळच्या तलासरी गावात मात्र रूळ गेले नाहीत. तिथली माणसे आजही डहाणू रोड, घोलवड किंवा उंबरगावला गाडी धरतात. त्या गाड्या ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनांच्या देखभालीबद्दल बरेच चुकीचे समज आहेत.

गैरसमज: कोळसा टाकला की गाडी सुटली.
वस्तुस्थिती: थंड इंजिनाला वाफ धरायला कित्येक तास लागत. घाई केली तर भट्टी आणि नळ्या कमीजास्त प्रसरण पावून सांधे गळत. म्हणून फेरी संपल्यावरही बरेचदा आग विझवत नसत, दाबून ठेवत.

गैरसमज: सगळी काळजी कोळशाची.
वस्तुस्थिती: कोळसा सुरुवातीला विलायतेहून जहाजाने येई, महाग पडे, हे खरे. पण इंजिनाचे आयुष्य ठरवी ते पाणी. घरी तांब्याचा बंब असलेल्यांना हे सांगायला नको: विहिरीचे जड पाणी तापवत राहिले की आत पांढरी खपली धरते. बॉयलरमध्येही तेच होई. खपलीमुळे उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, पत्रा जादा तापतो, कोळसाही वाढतो. खारे पाणी तर फेसाळून सिलिंडरकडे जाते. शेजारी समुद्र असून रेल्वेला त्याचा उपयोग नव्हता. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन सावकाश निववून, झाकणे उघडून, जोराच्या पाण्याने गाळ धूत आणि सळईने खपल्या काढत. गरम बॉयलरवर गार पाणी ओतणे म्हणजे तडा ओढवून घेणे.

गैरसमज: वाफ फार झाली की बॉयलर फुटे.
वस्तुस्थिती: जादा वाफ सोडायला सुरक्षा झडप होतीच. घातक ठरे ती पाण्याची कमतरता. भट्टीचे छत सतत पाण्याखाली हवे. ते उघडे पडले की छताचे तांबे मऊ होते आणि वरच्या दाबाने खचते. त्यासाठी छतात शिशाची गुडदी बसवत. शिसे 327 अंशांना वितळते. मग वाफ भट्टीत फुसफुसत उतरे आणि फायरमन सावध होई. ही गुडदी तपासणे, बदलणे हे देखभालीतले सर्वांत जबाबदारीचे काम, असे मला वाटते.

भारतात ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी 1995 मध्ये थांबली. तुमच्या घरात कोणी लोको शेडमध्ये फिटर, खलाशी किंवा फायरमन असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून घ्या.