साऊंडचा धंदा: बॉक्स वाढवण्याआधी मैदानाचा नकाशा काढा

व्हिडिओत आकडे भरभर सांगून झाले, म्हणून इथे सावकाश मांडतो.

आपल्या जिल्ह्यात साऊंडवाल्याला कामाची कमी नाही. हिंगोलीचा दसरा, औंढ्याची महाशिवरात्र, नर्सी नामदेवची यात्रा, शिवाय गावोगावचे सप्ताह. तक्रार मात्र सगळीकडे एकच: पुढच्यांचे कान फाटतात आणि मागे बसलेल्यांना महाराजांचं एक वाक्य धड कळत नाही. मग आपला गडी काय करतो? कर्ज काढून अजून दोन बॉक्स आणि मोठा ॲम्प्लिफायर घेतो. माझ्या मते पैसा इथेच बुडतो.

हिशोब बघा. उघड्या मैदानात बॉक्सपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पहिली रांग ५ मीटरवर आणि शेवटची ४० मीटरवर धरा. ५ चे १०, १० चे २०, २० चे ४०. तीनदा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबलचा फरक! आता ॲम्प्लिफायरचे वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल, तेही पुढे-मागे सारखेच. फरक जिथल्या तिथे.

म्हणून आधी टेप घेऊन मैदान मोजा आणि चौकटींच्या वहीत दोन चित्रं काढा, एक वरून दिसणारं, एक बाजूने. बॉक्सच्या माहितीपत्रकात कोन दिलेला असतो, समजा ९० बाय ५०. पहिला आडवा, दुसरा उभा. ९० अंशाचा बॉक्स १० मीटरवर साधारण २० मीटर रुंदी झाकतो. कोनमापकाने तो पट्टा आखला की कोणता कोपरा कोरडा राहतो ते लगेच दिसतं.

बाजूच्या चित्रात बॉक्स उंच करा आणि त्याचं तोंड मागच्या रांगांकडे ठेवा. पुढची रांग पट्ट्याच्या खालच्या कडेला येते, तिला आपोआप कमी आवाज मिळतो. स्टँड मात्र भक्कम हवा, वाऱ्याचा भरवसा नाही.

तरीही मागे कमी पडलं तर मैदानाच्या मध्यावर छोटी जोडी लावा आणि तिला डिले द्या. आपल्याकडच्या उन्हाळी हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. जोडी २१ मीटर पुढे असेल तर ६० मिलिसेकंद, वर अजून १० द्या, म्हणजे आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. डिले नसेल तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

कंपनीचे बॉक्स असतील तर ईझ फोकस हे फुकट सॉफ्टवेअर हाच नकाशा रंगात दाखवतं. त्यात कंपनीने दिलेली त्या बॉक्सची फाईल टाकावी लागते. लोकल बनावटीच्या बॉक्सला ती मिळत नाही, तिथे वहीच बरी. आणि तीनशे माणसांच्या सप्ताहाला लाईन ॲरे कशाला हवा?

ही वही कमिटीसमोर उघडा, मग दर सांगा. किती बॉक्स आणि का, हे दिसलं की घासाघीस कमी होते. कायद्याचंही बोलून घ्या: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, सूट असेल तर ती लेखी बघूनच.

कार्यक्रमाआधी कोणाला तरी माईकवर बोलायला लावा आणि स्वतः शेवटच्या रांगेपर्यंत चाला. मोबाईलवरचं डेसिबल ॲप अचूक नसतं, पण पुढचा-मागचा फरक दाखवायला पुरतं. तो वहीत लिहा, पुढच्या वर्षी त्याच मैदानावर कामाला येईल.